अस्वलाची तात

गुडघा धरला, तशी घरातल्यांनी वय, वजन, जिना अशी कारणं काढली. मला आधी आठवलं ते अमेरिकेतल्या चेरोकी या मूळनिवासी लोकांच्या गोष्टीतलं छोटं हरीण. माणसं वारेमाप शिकार करू लागली म्हणून प्राण्यांनी सभा भरवल्या. हरणांचा हा मुखिया म्हणाला, मारायचंच असेल तर माफी मागून मारा. शिकार पडली की तो तिथं येतो, सांडलेल्या रक्तावर वाकतो आणि मेलेल्या हरणाला विचारतो, माफी ऐकलीस का? ‘नाही’ म्हटलं, तर थेंबांचा माग काढत शिकाऱ्याच्या घरात शिरतो आणि त्याचे सांधे कायमचे धरून ठेवतो. हरीण काही मी मारलेलं नाही, पण रविवारच्या कोंबडीची माफी तरी कधी मागितली?

हरणाचं ठीक आहे, त्याचं कुणीतरी ऐकलं. माझा जीव अडकलाय अस्वलांच्या सभेत. ती भरली कुवोही डोंगराच्या पोटात. ग्रेट स्मोकी पर्वतरांगेतल्या या सर्वांत उंच शिखराला मधल्या काळात एका गोऱ्या पुढाऱ्याचं नाव चिकटलं होतं, जुनं नाव २०२४मध्ये परत मिळालं. असो. माणसाचंच हत्यार वापरायचं ठरलं. धनुष्य झालं, तात हवी. एक अस्वल म्हणालं, माझं आतडं घ्या. घेतलं. पण सोडताना नखं तातीत अडकू लागली. नखं कापून पाहिली, बाण नेमका लागला. तेव्हा म्हातारं पांढरं अस्वल म्हणालं, नखांशिवाय झाडावर चढणार कसे? उपाशी मराल. सभा मोडली. आतडं देणारं तर आधीच मेलंय, हेही त्यानंच सांगितलं. नखांचं हे त्या म्हाताऱ्याला आधी सुचायला काय झालं होतं?

मुलीला ही गोष्ट सांगितली तेव्हा तिनं विचारलं, “मग ते आतडं परत आत घातलं का?” नाही म्हणाले. ती रुसली.

अमेरिकी मानववंशशास्त्रज्ञ जेम्स मूनी यांना या कथा मुख्यतः अयुनिनी या वैद्याकडून मिळाल्या. १८३८च्या सक्तीच्या हकालपट्टीतून जे थोडे चेरोकी उत्तर कॅरोलायनाच्या डोंगरांत टिकून राहिले, त्यांच्यातला हा माणूस. इंग्रजी बोलत नसे. औषधांचे मंत्र त्यानं सिक्वोयानं घडवलेल्या चेरोकी लिपीत एका वहीत उतरवले होते. परक्याला हे सांगू नकोस, असं त्याचे लोक म्हणत होते. मूनींनी, तुझ्यापेक्षा जाणते आहेत म्हणे, असं डिवचून त्याला बोलतं केलं. वही गेली वॉशिंग्टनला. ही युक्ती मला आवडत नाही. ती केली नसती तर अस्वल माझ्यापर्यंत पोचलं नसतं, हेही आहेच. अयुनिनी १८९९मध्ये वारला, मूनींचा कथासंग्रह आला १९००मध्ये.

मुलांसाठीच्या एका चित्रमय पुस्तकात परवा हीच गोष्ट पाहिली. हरीण होतं, औषध देणाऱ्या वनस्पती होत्या, अस्वलांचं पान गाळलेलं. चेरोकी शिकारी अस्वल मारताना माफी मागत नाही, त्याचं कारण त्याच पानावर असतं. तुम्ही कुणाला सांगाल तर ते गाळू नका.