गिअरबॉक्स उतरवण्याआधी

अकोला

चि. भाचीबाईंस अनेक आशीर्वाद.

गिअरबॉक्स खोलावा लागेल असं तिथल्या गॅरेजवाल्यानं सांगितल्यावर हो म्हणायच्या आधी तू मला फोन केलास, हे फार बरं केलंस. फोनवरचं अर्धं ध्यानात राहत नाही, म्हणून कागदावर लिहून पाठवतो. आमच्या धंद्यातल्या नव्या पोट्ट्यांना हाती पाना आला की खोलायची घाई होते, कान लावून ऐकायचा कंटाळा. गिअरबॉक्स उतरवणं हा शेवटचा उपाय. त्याच्या आधी तपासायच्या चार गोष्टी तुला घरच्या अंगणातही तपासता येतील.

इंजिन बंद ठेवून क्लच दाब आणि सगळे गिअर टाकून पाहा. मग इंजिन सुरू करून, गाडी उभीच ठेवून, तेच कर. बंद असताना लोण्यासारखे पडणारे गिअर सुरू असताना अडत असतील, तर दोष बहुधा गिअरबॉक्सचा नाही. क्लच पूर्ण सुटत नाही. क्लचची केबल ताणली असेल, नाहीतर क्लचच्या नळीत हवा शिरली असेल. रिव्हर्सवरूनही हे कळतं. क्लच पूर्ण दाबून तीन-चार सेकंद थांब आणि मग रिव्हर्स टाक. तरीही करकर वाजला तर आधी क्लच पाहायचा.

मग आवाज ऐक. गाडी न्यूट्रलमध्ये, पाय क्लचवरून काढलेला. घर्रर्र आवाज येतो आणि क्लच दाबला की थांबतो, तर आतली बेअरिंग थकली आहे. उलट क्लच दाबल्यावरच आवाज सुरू होत असेल, तर रिलीज बेअरिंग. पहिल्या कामाला गिअरबॉक्स खोलावा लागतो. दुसऱ्याला उतरवावा लागतो, पण खोलावा लागत नाही. बिलात या दोन शब्दांचा फरक फार मोठा असतो, म्हणून "उतरवायचा की खोलायचा?" असं तोंडावर विचारायला शीक.

पण तू म्हणतेस की फक्त दुसराच गिअर घासतो, तोही सकाळी जास्त. मग संशय पितळी रिंगवर. हल्लीच्या गाडीत पुढचे सगळे गिअर एकमेकांत कायम अडकलेलेच असतात. दांडा हलवून आपण फक्त त्यातला एक शाफ्टला बांधतो. बांधण्याआधी दोघांचा वेग सारखा व्हावा लागतो आणि ते काम रिंग करते, घासून. बडनेऱ्याला सुटलेली गाडी पकडणारा माणूस आधी डब्यासोबत चार पावलं धावतो, तसंच. आपल्याकडे दर गावाच्या तोंडाशी गतिरोधक, त्यामुळे चौथ्यावरून थेट दुसऱ्यावर यायची सवय. म्हणून दुसऱ्याची रिंग सगळ्यात आधी झिजते. जुन्या एसटीच्या डब्यात हे काम ड्रायव्हरचा पाय करायचा: क्लच दाबून न्यूट्रल, क्लच सोडून थोडी रेस, पुन्हा दाबून खालचा गिअर. यालाच डबल क्लच म्हणतात. तूही वरून दुसऱ्यावर येताना करून पाहा. घासणं थांबलं, तर दुखणं रिंगचंच.

आता तेलाचं. तुझ्या आधीच्या मालकानं ते कधी बदललं याची नोंद नाही म्हणतेस, म्हणजे बदललेलं नाही असंच धर. "गिअर ऑइल जन्मभराचं असतं" असं कोणी सांगितलं तर कोणाच्या जन्माचं, ते विचार. कंपनीच्या पुस्तकात अवघड परिस्थितीसाठी तेलाचं वेगळं वेळापत्रक बहुतेकदा दिलेलं असतं. मे महिन्यात ४५ अंशांच्या वर जाणारा पारा, कापसाच्या दिवसांत ट्रॅक्टर-ट्रॉलीमागे पहिल्या-दुसऱ्यावर रांगणं, वर चिखलदऱ्याचा घाट... याहून अवघड ते काय असायचं!

बदलताना गाडी सपाट जागी, थोडी चालवून गरम केलेली हवी. आधी भरायचा नट सोडवून घ्यायचा, मग खालचा. खालचं सगळं सांडून बसल्यावर वरचा नट गंजून अडकलाय असं कळलं, तर गाडी जागेवरून हलत नाही. खालच्या नटाला बहुतेक लोहचुंबक असतं. त्याला चिकटलेला लगदा दोन बोटांत चोळून बघ. मऊ, राखाडी, काजळासारखा असेल तर ती रोजची झीज. टोचणारा कण, दाताचा तुकडा निघाला, तर मी आपणहून गिअरबॉक्स खोलीन. छोट्या गाडीला दोन-अडीच लिटर लागतं, भोकातून ओघळू लागलं की पुरे. तेल पुस्तकात लिहिलंय तेच, ७५डब्ल्यू-८० म्हटलं तर तेच, आणि जीएल-४ लिहिलं असेल तर "जीएल-५ त्याच्याहून भारी" हे ऐकायचं नाही. त्यातली जास्तीची गंधकाची रसायनं पितळेला मानवतीलच असं नाही, आणि आपली रिंग पितळेची.

तू रोज ज्या रस्त्यानं येतेस-जातेस, तो वर्षानुवर्षं उखडून पडला होता. मूर्तिजापूरपर्यंत दुसऱ्या गिअरच्या वर जाता येत नसे, हाफ क्लचवर किती प्लेटा जळल्या ते आम्हा गॅरेजवाल्यांना ठाऊक. मग जून २०२२ मध्ये याच रस्त्यावर लोणी ते माना ७५ किलोमीटर डांबरीकरण सलग १०५ तास ३३ मिनिटांत झालं आणि गिनीज बुकात गेलं. आधीचा विक्रम कतारचा होता, २५ किलोमीटरच्या आसपास. (हे ७५ एका लेनचे बरं का, दोन लेन धरल्या तर साडेसदतीस. तरी काय झालं!) आता पाचव्यावर गाडी पळते, पण पाय मात्र सवयीनं क्लचवरच टेकलेला असतो. तुझाही असतो, मी पाहिलंय. तो तिथून काढ. रिलीज बेअरिंग त्यानंच मरते.

आणि चिखलदऱ्याहून परतवाड्याकडे उतरताना न्यूट्रल करून पेट्रोल वाचवणं बंद. गिअरमध्ये गाडी उतरताना इंजिन पेट्रोल घेणंच थांबवतं. न्यूट्रलमध्ये उलट ते चालू राहायला पेट्रोल पितं. वर सगळा भार ब्रेकवर.

जावईबापू ऑटोमॅटिक घ्यायचं म्हणतात, घेऊ देत. २०१४ ला सेलेरिओत आलेला एएमटी म्हणजे हाच गिअरबॉक्स, क्लच दाबायला यंत्र ठेवलेलं. चढावर ॲक्सिलरेटर देऊन गाडी तोलून धरली तर त्याचीही प्लेट जळतेच. खरी ऑटोमॅटिक मात्र वाटेत बंद पडली, तर दोरीनं ओढायची नाही. आतला तेलाचा पंप इंजिनवर चालतो. चाकं फिरतात आणि तेल पोचत नाही. सपाट ट्रकवर चढवूनच आणायची.

शनिवारी संध्याकाळीच ये, मुक्कामाला. रात्रभर गाडी थंड पडू दे, सकाळी पहिल्यांदा दुसरा गिअर मी टाकणार. गाडीचं पुस्तक आणि त्या गॅरेजवाल्यानं दिलेला अंदाजाचा कागद सोबत आण. त्यात क्लच प्लेट, प्रेशर प्लेट आणि रिलीज बेअरिंग वेगवेगळ्या मजुरीनं लावली असतील, तर ती फसवणूक समज. गिअरबॉक्स एकदाच उतरतो. तोवर बाटलीतलं कुठलंही जादूचं औषध कोणी आत ओतायला आलं, तर बोनेट उघडूच नको.

तुझा,
मामा