शेवटी राहणारा 'अप'

आज पुन्हा इंग्रजी व्याकरणात रमले. 'द जॉब विच शी गेव्ह अप' यात 'विच' पुढे सरकतो, पण 'अप' क्रियापदाला धरूनच राहतो. 'अप विच शी गेव्ह' असं कुणी म्हणत नाही. 'द हाउस इन विच शी लिव्ह्ज' मात्र चालतं, कारण तिथला 'इन' घराचा आहे. तरी वाक्याच्या शेवटी शब्दयोगी अव्यय येऊ नये, हा धाक जुना आहे. १६७२मध्ये इंग्रज कवी जॉन ड्रायडननं नाटककार बेन जॉन्सनच्या वाक्यांच्या अखेरीस येणाऱ्या अशा अव्ययांना नावं ठेवली, पुढे स्वतःची जुनी वाक्यंही बदलली. तो धाक शाळांनी पिढ्यान्‌पिढ्या जपला. मला हा भाषेवरचा अन्याय वाटतो. बोलणाऱ्यांनी मात्र भाषेची चाल कधीच सोडली नाही. 'द चाइल्ड शी लुक्स आफ्टर'मध्ये तर संबंधी सर्वनामही गळतं, तरी 'आफ्टर' जागचा हलत नाही.