आसाची खीळ

अमरावती आणि अकोला जिल्ह्यांच्या काळ्या जमिनीवर मृगाची वाट पाहणे सुरू होते, त्या दिवसांत ट्रॅक्टर-दुरुस्तीच्या शेडमध्ये इंजिने खोलली जातात आणि पुन्हा बांधली जातात. ‘बांधणे’ या शब्दात उभारणे आणि आवळणे असे दोन्ही अर्थ आहेत. मात्र इंजिनात कॅमशाफ्ट हा एक दांडा असा असतो, की जो आवळून बांधला तर जळतो आणि सैल सोडला तर वेळ चुकवतो.

कॅमशाफ्ट म्हणजे अंगावर ठरावीक कोनांत उंचवटे असलेला दांडा. त्याचा प्रत्येक उंचवटा टॅपेट उचलतो, टॅपेट पुशरॉडला आणि पुशरॉड रॉकरला हलवतो, आणि मग व्हॉल्व्ह उघडतो. चार धावांच्या इंजिनात क्रँकशाफ्टच्या दोन फेऱ्यांमागे कॅमशाफ्टची एक फेरी होत असल्यामुळे, इंजिन मिनिटाला 1500 फेरे घेत असेल तर हा दांडा 750 घेतो.

ब्लॉकमधील बुश, म्हणजे मऊ धातूच्या बांगड्या, त्याला आडवातिडवा हलू देत नाहीत. बुश ठोकताना तिचे भोक ब्लॉकमधील तेलाच्या वाटेशी जुळले नाही, तर तेल अडते आणि नवी बुशही जळते. पुढेमागे सरकण्याचा बंदोबस्त निराळा असतो. टायमिंग गिअरचे दाते तिरपे असल्याने फिरताना ते दांड्याला लांबीच्या दिशेने रेटतात. म्हणून पुष्कळ ट्रॅक्टरांच्या इंजिनांत गिअरच्या मागे थ्रस्ट प्लेट ही चपटी पट्टी ब्लॉकला बोल्टांनी बसवलेली असते. बोल्ट पक्के आवळायचे, पण पट्टी आणि दांडा यांच्यात फट ठेवायची: साधारणपणे मिलिमीटरच्या एक-दोन दशांशांची, नेमकी निर्मात्याच्या पुस्तिकेतील आकड्याइतकी. फट नसेल तर तेलाचा थर टिकत नाही. ती वाढली तर तिरप्या दात्यांवरून दांडा सरकतो आणि व्हॉल्व्हची वेळ ढळते.

ही युक्ती वऱ्हाडाला नवी नाही. कापसाने भरलेली बंडी बाजाराला निघे, तेव्हा आसाच्या टोकाची खीळ चाकाला निसटू देत नसे, तरीही चाक आणि खीळ यांच्यात वंगणापुरती जागा राहत असे. चाक धरलेलेही असे आणि मोकळेही.

मूर्तिजापूर–अचलपूर नॅरोगेजवर 1994 मध्ये वाफेच्या इंजिनाची जागा डिझेलने घेतली, तेव्हा चाकांशेजारी उघड्यावर हलणारे दांडे दिसेनासे झाले आणि झडपांचा कारभार झाकणाआड गेला. ट्रॅक्टरच्या इंजिनातही हे झाकणाआडचे काम धीराने करावे लागते. काही इंजिनांत ब्लॉक उलटा ठेवतात, म्हणजे टॅपेट आपल्याच वजनाने बाजूला राहतात. मग तेल लावलेला दांडा हलके फिरवत आत सरकवतात, कारण उंचवट्याची धार बुशला ओरखडा पाडू शकते. त्यानंतर गिअरवरील खुणा जुळवतात आणि जिथे पत्र्याचे वॉशर असतील तिथे त्यांचे कान बोल्टावर दुमडतात. कॅमशाफ्ट वर, हेडमध्ये असेल तर त्याला क्रमांक घातलेल्या टोप्या धरतात. त्या थोड्याथोड्या, ठरलेल्या क्रमाने आवळल्या नाहीत, तर व्हॉल्व्हच्या स्प्रिंगांच्या असमान रेट्याने दांडा वाकतो किंवा तुटतो.

पुढचे झाकण बसल्यावर थ्रस्ट प्लेटपाशी ठेवलेली ती फट कोणाला दिसत नाही. म्हणून झाकण लावण्याआधी तिच्यात फीलर गेजची पाती घालून ती मोजावी लागते.