देवयानीचे ग्रीक बिऱ्हाड

अहमदनगर जिल्ह्यात (2024 पासून अहिल्यानगर म्हणायचे, पण जिभेला अजून वळण नाही) कोपरगावला गोदावरीकाठी जे बेट आहे, ते आम्हा गावकऱ्यांच्या लेखी दैत्यगुरू शुक्राचार्यांचे. त्यांचे देऊळ तिथे आहे. देवांनी धाडलेला कच संजीवनी शिकला तो इथेच, आणि देवयानीने त्याच्यावर जीव टाकला तोही इथेच. कुणी पुरावा मागितलाच, तर आम्ही कॉलेजवरची ‘संजीवनी’ ही पाटी दाखवतो. तेवढ्याने पुष्कळांचे समाधान होते!

देवयानी मराठी माणसाला घरच्यासारखी. खाडिलकरांनी 1913 साली ‘विद्याहरणा’त तिला रंगभूमीवर आणले, खांडेकरांच्या 1959 सालच्या ‘ययाति’ने ती घरोघरी नेली. पण तिचे आणखी एक बिऱ्हाड आहे, आणि ते चक्क ग्रीकांच्या वाड्यात. दिवाळीच्या अवसेला फटाक्यांचा धूर चुकवून गावाबाहेर जा आणि रात्री नवाच्या सुमारास उत्तरेकडे तोंड करून उभे राहा. माथ्यावरून ईशान्येकडे उतरत गेलेली ताऱ्यांची रांग ती देवयानी. तिच्या खाली ययाती. उत्तरेकडे तिरप्या इंग्रजी ‘एम’सारखी शर्मिष्ठा, आणि तिच्या डाव्या हाताला, जरा फिकट, तिचा बाप वृषपर्वा. याच मंडळींना ग्रीक लोक अँड्रोमेडा, पर्सियस, कॅसिओपिया आणि सेफियस म्हणत.

ग्रीकांची गोष्ट अशी. सेफियस राजाची राणी कॅसिओपिया. समुद्रकन्यांनीही आपल्यापुढे हार खावी, अशी तिची बढाई. समुद्रदेव पोसायडन रागावला. (याच पोसायडनची ब्राँझची चिमुकली मूर्ती आपल्या कोल्हापुरात ब्रह्मपुरीच्या टेकडीत सापडली. व्यापाऱ्यांच्या गाठोड्यातून देव कुठवर येतात, पाहा!) त्याने राज्यावर एक अजस्र जलचर सोडला. मुलीचा बळी दिल्यावाचून सुटका नाही, असा कौल मिळाला, आणि राजाने मुलगी दिली. अँड्रोमेडा खडकाला साखळदंडाने बांधली गेली. मेडुसाचे मस्तक घेऊन परतणाऱ्या पर्सियसने तो राक्षसी जीव मारून तिला सोडवले आणि तिच्याशी लग्न केले.

विहिरीत पडलेल्या देवयानीला ययातीने हात देऊन वर काढले, तेव्हा ही जोडी तिथे बसवणाऱ्याच्या कल्पकतेला दाद दिली पाहिजे. तरीपण माझे मत विचाराल, तर साखळदंडातली जागा शर्मिष्ठेची. देवयानीला विहिरीत ढकलले तिनेच, हे खरे. शुक्राचार्य संतापून दैत्यांचे राज्य सोडून निघाले. गुरू गेला की संजीवनी गेली, संजीवनी गेली की देवांपुढे टिकाव नाही. वृषपर्व्याने हिशेब केला आणि पोटची राजकन्या देवयानीची दासी करून दिली. अपराध होता, पण जन्माची दासी होण्याएवढा? सेफियसच्या जागी वृषपर्वा मात्र अगदी नेमका बसला आहे.

हे सारे मी एकदा दिवाळीत आमच्या आत्याला गच्चीवर ऐकवले. आत्या सोळाव्या वर्षी एका बिजवराला दिलेली. आजोबांच्या डोक्यावर त्या गृहस्थाचे कर्ज होते, ते या लग्नात फिटले. आमच्याकडे त्या प्रसंगाला ‘ताईने घर राखले’ असे म्हणत, आणि म्हणताना कोणी तिच्याकडे पाहत नसे. आत्या स्वतः त्याबद्दल कधी चकार शब्द बोलली नाही.

गोष्ट संपल्यावर तिने विचारले, “तो राजा कुठं रे?”

मी बोट दाखवले.

“म्हणजे बापही वरच?”

“सगळं कुटुंबच वर आहे, आत्या. राणीला तेवढी शिक्षा. बढाई मारली म्हणून ध्रुवाभोवती खाली डोकं करून फिरायचं.”

“आणि त्याला?”

“त्याला काही नाही.”

आत्या बराच वेळ उत्तरेकडे पाहत राहिली. मग पदर सावरून उठली.

“तरीच फिका आहे मेला,” असे म्हणाली आणि पणत्यांत तेल घालायला खाली गेली.