पालवणकर बाळूंसाठी

खारेपाटणच्या ताम्रपटात राजाचं नाव आहे. त्याच्या पूर्वजांची नावं आहेत, आणि ज्यांच्या छत्राखाली ते राज्य करत होते त्या राष्ट्रकूटांची आणि चालुक्यांचीही आहेत. शके ९३०, म्हणजे इ.स. १००८. दक्षिण कोकणच्या शिलाहार घराण्यातला रट्टराज अव्वेश्वराच्या देवळासाठी आणि तिथल्या शैव तपस्व्यांसाठी तीन गावं लावून देतो. परमुलखातून बंदराला लागणाऱ्या दर गलबतामागे सोन्याचा एक गद्याण देवाच्या नावे करतो. गावं झाली, जकात झाली, की त्याच दानात पुढे येतात तेल्याचं घर, माळ्याचं घर, कुंभाराचं घर, परटाचं घर. माणसं दिली जातात. त्यांची नावं मात्र तांब्यावर नाहीत.

पोंभुर्ल्याच्या बाळशास्त्री जांभेकरांनी हा पट वाचून छापला, म्हणून तो आपल्यापर्यंत आला. खारेपाटण आज सिंधुदुर्गात असलं तरी १९८१ पर्यंत ते आमच्या रत्नागिरी जिल्ह्यातच होतं. राजांच्या नावांशी माझी ओळख जुनी आहे. पण वाचताना मी अडतो तो त्या कुंभारापाशी. त्याच्या लेकरांना तो कोणत्या नावाने हाक मारत होता, हे आता कुणालाच कळायचं नाही.

नऊशे वर्षांनी याच मातीतल्या एका चांभाराच्या मुलाने आपलं नाव आणि आपल्या गावाचं नाव लंडनपर्यंत नेलं. त्याचा शोक मला आज करावासा वाटतो.

पालवणकर बाळू. जन्म धारवाडचा, १८७५-७६ च्या सुमाराचा. बालपण पुण्यात गेलं, कारण वडील लष्कराच्या नोकरीत होते. पण आडनावात कोकण राहिलं. चिपळूणकडच्या माणसाला पालवण हे नाव परकं नाही. मांडकी-पालवण ही जोडी तिकडे रोजच्या बोलण्यातली आहे. त्या काळी कोकणातल्या अस्पृश्य घरांना गावकीच्या बाहेर पडायला पलटण हा एक दरवाजा उघडा होता. दापोलीच्या कॅम्पात असे कितीतरी पेन्शनर राहत. भीमराव आंबेडकरांचे वडील, आंबडव्याचे सुभेदार रामजी सकपाळही तिथे राहिले. १८९० नंतरच्या दशकात इंग्रजांनी तो दरवाजाही लावून घेतला.

बाळूंना पहिली नोकरी मिळाली ती पुण्याच्या पारशी क्रिकेट क्लबात. मैदान झाडायचं, खेळपट्टीवर रूळ फिरवायचा, महिना तीन रुपये. पुढे गोऱ्यांच्या पूना क्लबात चार रुपये. सकाळी नेट बांधायचं, खेळपट्टी आखायची, टेनिसची कोर्टं राखायची, आणि मग साहेबांना सरावासाठी तासन् तास चेंडू टाकायचे. कॅप्टन ग्रेग नावाचा नामांकित फलंदाज तिथे होता. बाळूंनी त्याला बाद केलं की तो दर खेपेला आठ आणे देई, असं सांगतात. बॅट मात्र हाती येत नसे. फलंदाजी साहेबाची, राबणं नेटिवाचं.

डावा हात, सरळ साधी धाव, आणि बोटांतून सुटणारा तो चेंडू. मला राहून राहून वाटतं की त्या चेंडूचं निम्मं शिक्षण रुळामागे झालं असणार. ज्याने पहाटे ती जमीन भिजवली, दाबली, सुकताना पाहिली, त्याला ओल कुठे रेंगाळते आणि कुठे भेग धरणार हे पायांनीच कळत असेल. साहेबाला खेळपट्टी दहा वाजता दिसे, बाळूंना ती उजाडल्यापासून ठाऊक असे.

मग पुण्याच्या हिंदू क्लबाला गोऱ्यांना हरवायचं होतं, आणि बाळूंवाचून ते जमणारं नव्हतं. बरीच भवति न भवति होऊन त्यांना संघात घेतलं. मैदानावर चेंडू बाळूंच्या हातून यष्टिरक्षकाच्या हातात जाई, तिथून स्लिपमध्ये, तिथून परत बाळूंकडे. सगळ्यांच्या तळव्यांचा घाम त्या एकाच चेंडूला लागे. चहाची वेळ झाली की बाकीचे आत जात. बाळूंना चहा बाहेर मिळे, मातीच्या बोळक्यात. इतरांचे कप विसळून पुन्हा वापरायचे, बाळूंचं बोळकं फेकून द्यायचं.

ते बोळकं माझ्या डोळ्यांसमोरून हलत नाही. चाकावर चढलेलं, आव्यात भाजलेलं, कुणा कुंभाराच्या अंगठ्याची रेघ काठावर राहिलेलं. ज्यांची घरंच्या घरं ताम्रपटात देवाला वाहिली गेली, त्यांच्यातल्याच कुणाच्या तरी वारसाने ते घडवलं असेल. एकाच्या हातांनी घडलेलं, दुसऱ्याच्या ओठांना लागलेलं, आणि दोघांच्याही मालकीचं नसलेलं.

मुंबईत आल्यावर बाळू हिंदू जिमखान्याचे आधारस्तंभ झाले. १९०६ साली हिंदूंनी युरोपियनांना १०९ धावांनी हरवलं, त्या संघात ते होते, धाकटे बंधू शिवरामही होते. १९११ मध्ये पतियाळाच्या महाराजांच्या नेतृत्वाखाली पहिला अखिल भारतीय संघ विलायतेला गेला. राजे, पारशी, मुसलमान, ब्राह्मण, आणि त्यांच्यात हे दोघे पालवणकर. बहुतेक सामने आपण हरलो. पण खांदा दुखत असतानाही बाळूंनी त्या दौऱ्यात ११४ बळी घेतले.

त्याच उन्हाळ्यात रत्नागिरीत ब्रह्मदेशाचा थिबा राजा नव्या राजवाड्याच्या सज्जातून भाट्याची खाडी बघत होता. राज्य हरवलेला राजा आमच्याकडे आणून ठेवला होता, आणि आमच्या जिल्ह्यातल्या गावाचं नाव आडनावात घेऊन फिरणारा माणूस साहेबाच्या मैदानावर साहेबाला बाद करत होता. थिबाचा राजवाडा आम्ही पाहुण्यांना दाखवतो, दाखवायलाच हवा. त्या राजाचं दुःखही खरंच होतं. बाळूंचं दुःख दाखवायला आमच्याकडे भिंत नाही, एवढंच.

परतल्यावर मुंबईत दलित समाजाने सत्कार केला, त्यात मानपत्र दिलं ते तरुण भीमराव आंबेडकरांनी. हिंदू संघाचं कर्णधारपद मात्र बाळूंना कधीच मिळालं नाही. वर्षानुवर्षं ते सर्वांत मोठे गोलंदाज होते आणि वर्षानुवर्षं नाणेफेकीला दुसराच कुणी जाई. १९२० साली तर त्यांना संघातूनच वगळलं. शिवराम आणि विठ्ठल या भावांनी निषेध म्हणून खेळायला नकार दिला, तेव्हा कुठे त्यांना परत बोलावून उपकर्णधार केलं. कर्णधाराने मैदान सोडल्यावर काही काळ संघ त्यांच्या हाती आला. एका आयुष्याच्या वाट्याला एवढंच. पुढे १९२३ मध्ये विठ्ठल कर्णधार झाले, युरोपियनांना हरवलं, आणि लोकांनी त्यांना खांद्यावर घेऊन मिरवलं. धाकट्याला तो खांदा मिळाला तो थोरल्याच्या दुखऱ्या खांद्यामुळे, असं माझं ठाम मत आहे.

१९३२ च्या पुणे करारावर आंबेडकर आणि बाळू या दोघांच्याही सह्या आहेत. १९३७ च्या निवडणुकीत मात्र मुंबईत दोघे समोरासमोर उभे राहिले. आंबेडकरांना १३,२४५ मतं, काँग्रेसचे उमेदवार बाळू यांना ११,२२५. त्या लढतीत बाळूंची बाजू मला पटत नाही. पण आंबडव्याचा एक आणि पालवणकर एक, अशा दोन माणसांना एकमेकांसमोर उभं केलं गेलं, याची हळहळ वाटल्याशिवाय राहत नाही. बाळू १९५५ च्या जुलैत मुंबईत गेले.

दिवाळीनंतर भात झोडून झालं की आमच्याकडे मळे मोकळे होतात. ढेकळं फोडतात, पाणी मारतात, कुठून तरी रूळ आणतात, आणि वाडीवाडीचे संघ टेनिसच्या चेंडूवर उतरतात. मुंबईचे चाकरमानी त्यासाठी रजा काढून गावी येतात. प्रत्येक स्पर्धेला कुणाच्या तरी नावाचा चषक असतो: कुणी पुढारी, कुणी देणगीदार, कुणी अकाली गेलेला गडी. वाडीच्या पोरांनो, यंदाच्या हंगामात एका चषकाला पालवणकर बाळूंचं नाव द्या. फलकावर नाव पूर्ण लिहा, त्याखाली ११४ हा आकडा लिहा, आणि सामन्याच्या दिवशी सगळ्या खेळाडूंना एकाच किटलीतला चहा एकसारख्या कपांत द्या.