दारापुढचा ट्रक

बेळगावाहून गोव्यात उतरावयाचे झाल्यास दोन वाटा आहेत. जांबोटीवरून चोर्ल्याचा घाट उतरून साखळीस जाता येते. अथवा खानापूर, रामनगर करीत अनमोडच्या घाटाने मोल्यास पोचता येते. अवजड मालाच्या गाड्यांची जुनी वाट ही दुसरी. तिला पूर्वी राष्ट्रीय महामार्ग ४-अ म्हणत. आता ७४८ हा क्रमांक मिळाला आहे. घाट संपला की मोल्याचे दाट रान लागते. रान संपले की धारबांदोडा, आणि त्यापुढे उसगाव. येथपासून प्रवाशाच्या नजरेस एक निराळाच देखावा पडू लागतो. त्याविषयीच आज वाचकांशी चार शब्द बोलावयाचे आहेत.

तांबड्या चिऱ्यांची घरे, अंगणात कोठे तुळशीवृंदावन तर कोठे पांढरा क्रूस, मागे माड-पोफळींचे कुळागर, असे हे गाव कोणासही आवडावे. परंतु घराघराच्या बाजूस, गडग्याला टेकून किंवा थेट रस्त्याच्या कडेस, एकेक टिपर उभा दिसतो. काहींच्या काचा पुसलेल्या आहेत व चाके काळीभोर आहेत. ते पहाटे कामावर जाणार हे उघड दिसते. काहींची मात्र चाके मातीत रुतली आहेत, हौद्यात गवत वाढले आहे आणि आरशावरून वेल चढला आहे. कपाळावरची नावे तेवढी अजून वाचता येतात. एकावर लईराईचे नाव, दुसऱ्यावर संत अंतोनीचे, तिसऱ्यावर मालकाच्या धाकट्या लेकीचे. परगावच्या माणसास वाटावे, हे भंगार येथे कोणी टाकले? परंतु हे भंगार नव्हे. एके काळी हेच त्या घराचे शेत होते.

ही गोष्ट समजण्यास थोडे मागे गेले पाहिजे. पोर्तुगीज अमदानीत येथील खाणींचे हक्क दिले गेले आणि दुसऱ्या महायुद्धानंतर लोहखनिज जहाजांतून परदेशी, विशेषतः जपानला, जाऊ लागले. खाणीतून निघालेला माल ट्रकांनी मांडवी व जुवारीच्या काठच्या धक्क्यांवर न्यावयाचा, तेथून बार्जमध्ये भरून मुरगावच्या बंदरात पोचवावयाचा, अशी ही व्यवस्था. खाण ते धक्का हे अंतर गावांमधूनच कापावे लागे. ज्यांची शेती धुळीने व गाळाने गेली त्यांच्यापैकी अनेकांनी कर्ज काढून ट्रक घेतला व तो खाणीच्या वाहतुकीस लावला. गोव्यातून एका वर्षात पाच कोटी टनांहून अधिक खनिज बाहेर गेले, असाही काळ २०१० च्या सुमारास येऊन गेला. त्या दिवसांत पाळी, न्हावेली, उसगाव, तसेच दक्षिणेकडे सावर्डे-कुडचडे येथील रस्त्यांवर ट्रकांच्या रांगा लागत. रस्ता ओलांडावयास म्हाताऱ्या माणसांना हात धरून न्यावे लागे, आणि केळीच्या पानावरची लाल धूळ पावसाखेरीज कोणी धुऊ शकत नसे.

पुढे न्यायमूर्ती शाह आयोगाचा अहवाल आला. सप्टेंबर २०१२ मध्ये राज्य सरकारने खाणी थांबविल्या व ऑक्टोबरमध्ये सर्वोच्च न्यायालयाने मनाई केली. २१ एप्रिल २०१४ रोजी न्यायालयाने वर्षाला दोन कोटी टनांची मर्यादा घालून वाट मोकळी केली. परंतु ७ फेब्रुवारी २०१८ च्या निकालाने ८८ पट्ट्यांचे नूतनीकरण रद्द झाले आणि १६ मार्चपासून खाणी पुन्हा बंद पडल्या. न्यायालयासमोरचे प्रश्न खरे होते. डोंगर, विहिरी आणि भातशेती यांची हानी डोळ्यांआड करण्याजोगी नव्हती. तथापि निकालाच्या दुसऱ्या दिवशी ट्रक कोठे जाणार? ते घरी आले आणि दारापुढे उभे राहिले. पावसाळ्यात खनिजवाहतूक दरवर्षीच थांबत असे व चार महिने गाड्यांना विश्रांती मिळे. या वेळी मात्र पावसाळ्यामागून पावसाळे गेले. लिलावात गेलेल्या काही खाणी २०२४ पासून हळूहळू सुरू झाल्या आहेत व त्यांच्या मागोमाग काही ट्रक हलले आहेत. उरलेले जेथे होते तेथेच आहेत.

शेजाऱ्यांची तक्रार अशा वेळी सुरू होते, आणि ती वावगी नाही. हिशेबच करून पाहा. गावातला बरा डांबरी रस्ता साडेपाच मीटर रुंद असतो. आतल्या वाडीचा एकेरी रस्ता पावणेचार मीटर. ट्रकची रुंदी अडीच मीटरच्या आसपास. साडेपाच मीटरच्या रस्त्यावर एका कडेस ट्रक लावला तर तीन मीटर उरतात. रुग्णवाहिका जाईल, अग्निशमनाचा बंब जपून का होईना जाईल. समोरासमोर दोन लावले तर अर्धा मीटर उरतो, म्हणजे पायी चालणाऱ्यानेही अंग चोरावे. एकेरी रस्त्यावर तर एकच ट्रक पुरे. वाडीत कोणास रात्री छातीत कळ आली तर त्यास खाटेवर घालूनच मोठ्या रस्त्यापर्यंत आणावे लागेल. त्याखेरीज, चाक गटारावरच्या फरशीवर चढले की फरशी फुटते आणि पहिल्याच पावसात गटाराचे पाणी अंगणात शिरते. हौद्यात व जुन्या टायरांत साचलेले स्वच्छ पाणी तर डेंग्यूच्या डासास हवेच असते.

चालू गाड्यांचे गाऱ्हाणे निराळे. पहाटे चार-पाच वाजता इंजिन सुरू होते आणि गाडी मात्र दहा दहा मिनिटे हलत नाही. खिडकीतून धूर घरात येतो, तान्हे मूल दचकून उठते. शेजाऱ्यास वाटते, हा मुद्दाम त्रास देतो आहे. वस्तुतः मोठ्या गाडीचे ब्रेक हवेच्या दाबावर चालतात. रात्रभरात टाकीतील हवा उतरलेली असते आणि दाब पुरेसा भरल्याखेरीज गाडी सुखरूप हलविता येत नाही. ड्रायव्हर खोडसाळ नसतो. त्याची गाडी चुकीच्या ठिकाणी उभी असते, एवढेच. आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवण्याजोगी आहे. उंच बैठकीवर बसलेल्या ड्रायव्हरास बंपरच्या अगदी पुढचे व डाव्या चाकाजवळचे लहान मूल दिसत नाही. उभ्या ट्रकाच्या सावलीत मुले गोट्या खेळतात, हे प्रत्येक गावात पाहावयास मिळते. गाडी सुरू करण्यापूर्वी तिच्याभोवती एक फेरी मारावी, हा नियम घराघरात माहीत असला पाहिजे.

मग हे लोक गाडी घरापुढेच का लावतात? ही गोष्ट ड्रायव्हरांना विचारली तर उत्तर सरळ मिळते. निर्जन माळावर गाडी ठेवली तर रात्रीत डिझेल काढले जाते, बॅटरी जाते, स्टेपनी जाते. एका टायरची किंमत म्हणजे घरचा महिन्याचा बाजार. बंद गाडीचेही तसेच. तिच्यावर बँकेचा बोजा आहे. बँकेचा ना-हरकत दाखला नसेल तर ती विकताही येत नाही व मोडीतही काढता येत नाही. दारात आहे तोवर निदान डोळ्यांपुढे आहे. एका बाजूस वाट अडलेला शेजारी आणि दुसऱ्या बाजूस कर्जात अडकलेला शेजारी, असा हा तंटा आहे. दोघेही एकाच विहिरीचे पाणी प्यालेले, एकमेकांच्या लग्नात जेवलेले. म्हणूनच तो कठीण आहे, आणि मला वाटते, म्हणूनच तो सुटण्याजोगा आहे.

कायदा काय म्हणतो तेही वाचकांनी जाणून घ्यावे. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचे कलम १२२ धोका किंवा अडथळा होईल अशा रीतीने सार्वजनिक जागी वाहन सोडण्यास मनाई करते. दहा तास वा अधिक काळ सार्वजनिक जागी बेवारस ठेवलेले वाहन पोलीस अधिकाऱ्यास कलम १२७ अन्वये ओढून नेता येते आणि त्याचा खर्च मालकावर पडतो. सार्वजनिक वाटेत अडथळा करणाऱ्यास भारतीय न्याय संहितेच्या कलम २८५ प्रमाणे ५,००० रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १५२ अन्वये कार्यकारी दंडाधिकारी सार्वजनिक उपद्रव दूर करण्याचा हुकूम देऊ शकतात. हेच कलम जुन्या संहितेत १३३ क्रमांकाचे होते. रतलाम येथील रहिवाशांनी उघड्या गटारांविरुद्ध त्याचाच आधार घेतला होता. पैसा नाही ही नगरपालिकेची सबब न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी १९८० साली सर्वोच्च न्यायालयात मान्य केली नाही. तेव्हा सामान्य रहिवासी अगदीच निराधार आहे असे नव्हे.

परंतु त्याच मोटार कायद्यात ११७ वे कलमही आहे, आणि त्याची आठवण फार थोड्यांना होते. स्थानिक संस्थेशी विचारविनिमय करून वाहने उभी करण्याच्या जागा ठरविण्याचा अधिकार ते सरकारला देते. नुसती मनाई करून भागत नाही. गाडीला जागा दाखवावी लागते. जागा न दाखविता दंड केला तर ट्रक एका वाडीतून दुसऱ्या वाडीत जातो, आणि भांडणही त्याच्याबरोबर जाते.

खाणपट्ट्यात अशी जागा मुळीच नाही असे कोणी म्हणू नये. जुन्या वजनकाट्यांची आवारे आहेत, माल साठविण्याचे ओस पडलेले माळ आहेत, कोमुनिदादच्या पडीक जमिनी आहेत. गोव्यात ग्रामसभा बहुधा रविवारी भरते. सकाळचा मिस्सा आटोपून वा देवळातून परतून माणसे तेथे जातात. तेथे पहिल्या प्रथम गावातील गाड्यांची मोजदाद व्हावी: चालू किती, दुरुस्त होण्याजोग्या किती, मेलेल्या किती. चालू गाड्यांसाठी एक आवार, दोन दिवे आणि रात्रीचा एक राखणदार एवढे झाले तरी पुष्कळ झाले. राखणदाराचा पगार गाडीवाल्यांनी महिन्याच्या वर्गणीतून द्यावा. एका चोरीला गेलेल्या बॅटरीपेक्षा ही वर्गणी खचित स्वस्त पडेल.

आवार होईपर्यंतही काही गोष्टी करता येतात. गाड्या रस्त्याच्या एकाच बाजूस लावाव्यात. वळणावर, पुलाच्या तोंडाशी व शाळेसमोर लावूच नयेत. मागच्या फळीस चमकणारी पट्टी असावी, म्हणजे रात्री दुचाकीवरून येणाऱ्यास उभी गाडी दुरून दिसेल. चाकाखाली दगड ठेवावा आणि निघताना तो उचलून कडेस टाकावा. रस्त्यात राहिलेल्या अशा दगडाने अंधारात माणसे दगावली आहेत. बंद गाडीच्या हौद्यावर ताडपत्री बांधावी व जुने टायर छपराखाली न्यावेत. आणि जी गाडी आता कधीच चालणार नाही, तिचा मोह सोडावा. २०२१ साली जाहीर झालेल्या धोरणानुसार अधिकृत केंद्रात वाहन मोडीत दिल्यास प्रमाणपत्र मिळते व त्याच्या आधारे नव्या मालवाहू गाडीच्या करात १५ टक्क्यांपर्यंत सवलत देण्याची तरतूद आहे. त्यासाठी बँकेशी बोलणे करावे लागेल. दहा जणांनी मिळून एकदम जावे. एकट्याचा अर्ज टेबलावर पडून राहतो, दहांचा राहत नाही.

उसगावाहून मांडवी ओलांडून पाळी, न्हावेली करीत साखळीकडे निघाले की संध्याकाळच्या सुमारास कामावरून परतणाऱ्या गाड्या भेटतात. रस्त्यावर थोडी लाल धूळ पुन्हा दिसू लागली आहे. कोणाच्या घरी त्यामुळे बऱ्याच वर्षांनी हप्ता वेळेवर भरला जात असेल, आणि कोणाच्या घरी खोकला पुन्हा सुरू झाला असेल. बहुधा दोन्ही एकाच वाडीत. खाणी कोणी चालवाव्यात व किती चालवाव्यात हे न्यायालये आणि सरकार ठरवतील. रात्री गाडी कोठे उभी करावी हे मात्र गावानेच ठरवावयाचे आहे, आणि त्यासाठी कोणत्याही निकालाची वाट पाहावी लागत नाही. परवानगी हवी असेल ती पंचायतीची, आणि पहिला शब्द गडग्यापलीकडच्या शेजाऱ्याशी बोलला पाहिजे. तो पोलीस ठाण्यात जाण्यापूर्वी बोलला गेला तर अधिक बरे.