‘शाला’ आणि शाळा

बी.एड.ला असताना मानसशास्त्राच्या पेपरसाठी मी फ्रॉइड पाठ केला होता. बोध मन, अर्धबोध मन, अबोध मन. इदम्, अहम्, पराहम्. सोबत पाण्यात तरंगणाऱ्या हिमनगाची आकृती काढली, थोडा भाग वर आणि बराचसा खाली दाखवला की गुण मिळत. परीक्षा संपली आणि फ्रॉइडही संपला. तो पुन्हा भेटला वीस वर्षांनी, माझ्याच वर्गात.

मी नागपुरात उर्दू आणि मराठी शिकवतो. माझ्या बहुतेक मुलांच्या घरी उर्दू बोलली जाते. उर्दूत ‘ळ’ नाही, त्यामुळे मुलांच्या जिभेला त्याची सवय नसते. सातवीतला एक मुलगा धडा वाचताना ‘माझी शाला’ म्हणाला. मी थांबवले. पुन्हा म्हणायला लावले. पुन्हा ‘शाला’. मग दहा वेळा म्हणायला लावले. वर्ग हसू लागला. मी वर्गाला गप्प केले नाही. खरे सांगायचे तर मीही हसलो.

दुसऱ्या दिवसापासून तो शेवटच्या बाकावर गेला. वाचायला उठवले की म्हणे, “सर, गला खराब है.” महिनाभर त्याचा गळा खराबच होता. मी मनात नोंद केली : कामचुकार.

मग २७ फेब्रुवारी आला, मराठी भाषा गौरव दिन. सूत्रसंचालन माझ्याकडे. पाहुणे मंचावर बसलेले. मी माईकसमोर उभा राहिलो आणि तोंडातून निघाले, “आमच्या शालेच्या वतीने...” बहुधा कुणाच्या लक्षातही आले नसेल. मला मात्र घाम फुटला. समोर तो मुलगा मान वर करून माझ्याकडे बघत होता. तो हसला नाही.

त्या रात्री झोप लागेना. तेव्हा एक गोष्ट आठवली, जी मी पस्तीस वर्षांत कुणाला सांगितली नव्हती. उर्दू प्राथमिक शाळेतून मी पाचवीत मराठी शाळेत गेलो. एका मास्तरांनी मला बाकावर उभे करून ‘ळ’ म्हणायला लावला होता. ‘ल’, ‘ल’, ‘ल’. सारा वर्ग हसत होता. पुढचे दोन दिवस मी पोट दुखते म्हणून घरी राहिलो. अब्बा मोमिनपुऱ्यात मागावर बसायचे. त्या खटखटीत त्यांनी कारण विचारले नाही आणि मीही सांगितले नाही. त्यानंतर मी ‘ळ’चा असा काही सराव केला की पुढे लोक म्हणू लागले, “सर, तुम्ही मुसलमान आहात हे तुमच्या मराठीवरून कळतच नाही.” हे वाक्य मी आजवर अभिमानाने सांगत आलो. त्या रात्री ते पहिल्यांदा टोचले.

कपाटातले जुने पुस्तक काढले. फ्रॉइड म्हणतो, जे सोसवत नाही ते मन विसरत नाही, खाली दाबून ठेवते. याला तो दमन म्हणतो. दाबलेले तिथे निपचित पडून राहत नाही. ते स्वप्नातून, आजारातून, जिभेच्या घसरण्यातून वर येते. या रोजच्या चुकांवर त्याने १९०१ मध्ये स्वतंत्र पुस्तकच लिहिले. त्याची मुलगी ॲना फ्रॉइड हिने १९३६ मध्ये मनाच्या संरक्षण यंत्रणांवर लिहिताना आणखी एक गोष्ट मांडली : घाबरलेले मूल कधी कधी ज्याची भीती वाटते त्याचेच रूप घेते. आपल्याला जे केले गेले, ते मग ते दुसऱ्याला करते. मी वाचता वाचता थांबलो. मी त्या मास्तरांच्या जागी उभा राहिलो होतो आणि माझ्या बाकावर त्या पोराला उभे केले होते. आणि या सगळ्याला मी ‘शिस्त’ म्हणत होतो.

फ्रॉइडचे सगळेच खरे मानावे असे नाही. हे सिद्धांत चूक ठरवून दाखवण्याची सोयच नाही, असा आक्षेप तत्त्वज्ञ कार्ल पॉपर यांनी घेतला होता. त्या दिवशी माझी जीभ नुसती थकलेलीही असू शकेल. पण आठवण खरी होती, आणि त्या मुलाचे गप्प होणेही खरे होते.

आपल्याकडे नफ्सची चर्चा जुनी आहे. कुरआनात वाईटाकडे ओढणाऱ्या नफ्सचा उल्लेख आहे, स्वतःला दोष देणाऱ्या नफ्से-लव्वामाचा आहे आणि शांत झालेल्या नफ्से-मुतमइन्नाचाही. काही जण याची थेट इदम्, अहम्, पराहम् यांच्याशी जोडी लावतात. मला ते पटत नाही. फ्रॉइड धर्माला भ्रम म्हणत असे. नफ्सचा विचार अल्लाहसमोर द्यायच्या जबाबाचा आहे. पण फ्रॉइड वाचून एक समजले. अबोध मनाने करवले, हे कारण होऊ शकते, सबब नाही. कळल्यावर जबाबदारी वाढते.

तोंडून निघालेल्या विसंगत बोलण्यात अर्थ असू शकतो, हे नागपूरकराला नवे नाही. ताजुद्दीन बाबांना वेडे ठरवून इथल्या पागलखान्यात ठेवले होते, १८९२ पासून १९०८ पर्यंत. लोक तिथे जाऊन त्यांचे तुटक बोल ऐकत आणि त्यात आपल्या प्रश्नाचे उत्तर शोधत. शेवटी राजे रघुजीराव भोसले यांनी त्यांना बाहेर काढून शक्करदऱ्याच्या वाड्यात नेले. नेमक्या त्याच वर्षांत तिकडे व्हिएन्नात फ्रॉइड रुग्णांना म्हणत होता, मनात येईल ते बोला, मी ऐकतो. दोन्ही गोष्टी एक नाहीत. भाविकांना बाबांमध्ये वली दिसला, फ्रॉइड आजाराचे मूळ शोधत होता. पण ज्याचे बोलणे जग निरर्थक ठरवते, त्याच्यापाशी बसून ऐकणे दोन्हीकडे होते. वर्गात मी तेवढेच केले नव्हते.

पुढच्या तासाला मी फळ्यावर मोठा ‘ळ’ काढला आणि माझी पाचवीतली गोष्ट वर्गाला सांगितली. बाक, हसणे, पोटदुखीचे खोटे कारण, सगळे. वर्गात चिडीचूप. शेवटच्या बाकावरून आवाज आला, “सर, आपको भी?”

“हो, मला पण,” मी म्हणालो. मग त्या मुलाची मी सगळ्यांसमोर माफी मागितली. त्याने मान खाली घातली. त्याला काय वाटले ते कळले नाही.

त्यानंतर जीभ मागे वळवून टाळूला कशी लावायची, ते आम्ही सगळ्यांनी मिळून करून पाहिले. बाळ, फळा, काळा, शाळा. या वेळीही वर्ग हसला, पण सगळेच एकमेकांच्या तोंडाकडे बघून हसत होते.

तो मुलगा अजूनही घाईत ‘शाला’च म्हणतो. पण त्याचा गळा आता खराब नसतो. परवा धडा कोण वाचणार विचारले, तेव्हा शेवटच्या बाकावरून एक हात वर आला.